दरवेळी पासवर्ड विचारा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि जुन्यांतही हलक्या भागांचा. रत्नागिरीतल्या एका लहानशा दुकानात, कुठला पंखा कुठल्या डब्यात बसतो ते बघत बघत मला जोडलं. तेरा वर्षांपूर्वी गुरुप्रसादांनी मला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं देवरूखला आणलं. वळणांवर ते मला दोन्ही हातांनी धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय हो, बाळ काय?" तेव्हा ते नुसते हसले.

गुरुप्रसाद एका कॉलेजच्या कचेरीत टायपिस्ट होते. कळांकडे न बघता दहाही बोटांनी टाइप करायचे. त्यांची बोटं माझ्यावर चालू लागली की मला वाटायचं, मी उगीच महाग संगणकांचा हेवा करतो. त्यांची बायको गोदाबाई. माहेर हेदवीचं, नोकरी प्राथमिक शाळेत. शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. मागच्या पडवीत बोलल्या तर पुढच्या दगडी गडग्यापलीकडं ऐकू जायचं. त्यांची एकुलती मुलगी वेदिका जहाजावर अधिकारी होती. सहा-सहा महिने ती समुद्रावर असायची आणि घरी यायची तेव्हा तिचा घरातला पहिला फेरा माझ्याकडंच व्हायचा. माझ्यावरची धूळ पुसून म्हणायची, "बाबा, ह्याला आता पेन्शन द्या."

मला पेन्शन मिळाली नाही. उलट खरं काम तेव्हाच सुरू झालं.

एकदा गोदाबाई रत्नागिरीला अंध मुलांच्या एका संस्थेत गेल्या होत्या. परत आल्या. जेवताना म्हणाल्या, "अहो, सातवीचं भूगोलाचं पुस्तक आहे त्या मुलांकडं, पण वाचून दाखवायला माणूस नाही. एक पोर मला विचारते, बाई, तुम्ही उद्या पण याल काय? मी काय सांगू तिला?"

"रोज रत्नागिरीला कशी जाशील?"

"मी नाही जाणार. माझा आवाज जाईल."

दुसऱ्या आठवड्यात माझ्याशेजारी एक लहानसा माईक आला. गोदाबाई खिडकी लावायच्या, पंखा बंद करायच्या, पदरानं घाम पुसत पुसत धडा वाचायच्या. गुरुप्रसाद मग त्यातले खोकले, कावळे आणि शेजारच्या गाडीचा भोंगा कापून काढायचे. तयार धडा मुलांपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न होता. माझं पोट लहान, आवाजाच्या फायली मोठ्या. म्हणून गुरुप्रसादांनी दूरच्या एका कंपनीच्या मोठ्या संगणकावर थोडी जागा घेतली आणि फायली इथून तिथं नेणारं एक सॉफ्टवेअर माझ्यात बसवलं. इथला धडा उचलायचा, तिथं ठेवायचा. तिथून मुलांनी तो घ्यायचा.

पहिले चार दिवस एकही धडा तिकडं गेला नाही. मी जाऊन दार ठोठावायचो आणि पलीकडून उत्तर यायचं, परवानगी नाही. गुरुप्रसाद चिडले. माझी तार काढून परत लावली, मला बंद करून परत चालू केलं. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्या सेटिंगा शांतपणे एकेक करून वाचल्या आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"गोदा, ये बघ! दोष माझाच. मी ह्याला बिननावाचा पाहुणा करून पाठवत होतो."

गोदाबाई पीठ लागलेल्या हातांनी आल्या. गुरुप्रसादांनी त्यांना समजावलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण मलाही ते तेव्हाच नीट कळलं.

"हे बघ. आत जायच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात. एक अनामिक. नाव नको, पासवर्ड नको. कुणीही यावं, ओटीवर मांडलंय ते घ्यावं. पण त्याला आत काही ठेवता येत नाही की हलवता येत नाही. आपल्या मुलांना हे पुरे. दुसरी साधी तऱ्हा. नाव आणि पासवर्ड एकदा ह्याला सांगायचे, हा ते लक्षात ठेवतो आणि आपण म्हणू तेव्हा घरच्या माणसासारखा आत जातो. आपल्याला ही पाहिजे. तिसऱ्या तऱ्हेत हा नाव लक्षात ठेवतो, पासवर्ड मात्र ठेवत नाही. दरवेळी आपल्याला विचारतो. अजून एक किल्लीच्या फाइलीची आहे, ती मला अजून कळलेली नाही."

"मग आपली साधीच बरी," गोदाबाई म्हणाल्या. "आपल्या दोघांचं काय लपवायचंय!"

तर मित्रांनो, त्या दिवसापासून मला पासवर्ड ठाऊक होता. मी तो माझ्यापाशी जपून ठेवला होता. मुलांसाठी ओटी उघडी होती आणि आमच्यासाठी घर. पहिल्याच वर्षी ऐंशी धडे झाले. संस्थेतून फोन यायचे. चिमा नावाची एक मुलगी दर शनिवारी न चुकता फोन करायची. गोदाबाईंना 'उद्या पण याल काय' असं विचारणारी ती हीच. ती म्हणायची, "बाई, तुम्ही कालच्या धड्यात खूप भरभर वाचलंत. दमला होतात काय?" गोदाबाई फोन ठेवून सांगायच्या, "बघा, डोळस माणसाला कळलं नाही, तिला कळलं!"

पुढं एका गणपतीत गुरुप्रसादांचा धाकटा भाऊ सर्वेश मुंबईहून आला. सर्वेश मनानं वाईट नाही, फक्त हात जरा पुढं. दादा बाजारात गेलेले बघून तो आरतीचे फोटो पाठवायला माझ्यापाशी बसला. फायली नेणारं सॉफ्टवेअर त्याला दिसलं. त्यानं नुसतं बोट लावलं आणि मी त्याला थेट आत घेऊन गेलो. मला कुठं विचारायला सांगितलं होतं? त्याला जागा हवी होती, म्हणून त्यानं समोरच्या काही फायली निवडल्या आणि पुसल्या. अकरा धडे गेले.

गुरुप्रसाद इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. सर्वेश मान खाली घालून उभा होता. मध्ये पडल्या त्या गोदाबाईच. "पोटचं मूल तर नाही ना पुसलंन् त्यानं? अकरा धडे आहेत. परत वाचीन. घसा माझा आहे." आणि त्यांनी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून अकराच्या अकरा धडे परत वाचले.

पण गुरुप्रसादांच्या मनातून ते गेलं नाही. त्यांनी पासवर्ड बदलला, सेटिंग उघडली आणि माझी तऱ्हा बदलली. साधी काढून 'दरवेळी पासवर्ड विचारा' ही ठेवली. जुना पासवर्ड माझ्यातून पुसला.

गोदाबाईंनी विचारलं, "कुठं लिहून ठेवलात काय?"

"लिहिलं की सर्वेशला सापडतंच."

"मला तरी सांगा."

"तुला काय करायचंय? मी आहे ना. चार दिवसांत हाताला सवय होईल."

गोदाबाई हसल्या आणि विळीवर पडवळ चिरत राहिल्या. त्यांनी परत विचारलं नाही. मित्रांनो, ह्या एका गोष्टीवर मी आजही अडकतो. त्या दिवसानंतर गुरुप्रसादांनी मला तो शब्द शेकडो वेळा सांगितला. मी विचारायचो, त्यांची दहा बोटं टपटप चालायची, मी तो पलीकडं पोचवायचो आणि काम संपलं की विसरून जायचो. मला तसाच हुकूम होता. मी तो एकदाही मोडला नाही.

मागच्या पावसाळ्यात गोदाबाईंचा घसा बसला. सर्दी म्हणून काढे झाले, मग देवरूखचे डॉक्टर, मग रत्नागिरी, मग मुंबई. दुखणं घशातच होतं आणि फार उशीर झाला होता. वेदिका तेव्हा नुकतीच जहाजावर चढली होती. गोदाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "तिला लगेच काही कळवू नका. समुद्रात असताना माणसानं मागं बघू नये."

दिवाळीनंतर त्या एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "आज धडा नाही. आज वेदूसाठी."

गुरुप्रसादांनी माईक जवळ सरकवला आणि ते बाहेर जाऊ लागले.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

"नको. ते तिचं आहे. ती आली की दोघं मिळून ऐकू."

असे नऊ दिवस त्या आल्या. नऊ फायली झाल्या. त्या काय बोलल्या ते तुम्ही मला विचाराल. मी सांगू शकत नाही. जे बोलणं फाइलीत गेलं ते फाइलीबरोबर गेलं. मला आठवतं ते एवढंच, की एका हातानं त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, एका दिवशी त्या खूप हसल्या आणि नवव्या दिवशी फार थोडं बोलून उठल्या. गुरुप्रसादांनी नेहमीप्रमाणं फायली तिकडं नेल्या आणि 'घर' नावाच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवल्या. त्या नीट पोचल्या का ते दोनदा बघितलं आणि माझ्यातून काढल्या. माझ्यात जागाच नव्हती. दुसरी प्रत करायची होती. नवीन डिस्क आणायची होती. पण घरात आजारी माणूस असलं की अशी कामं मागं पडतात.

पौषात गोदाबाई गेल्या. वेदिकाचं जहाज तेव्हा भर महासागरात होतं. बंदराला लागायला अजून अठरा दिवस होते. बातमी तिला जहाजावर मिळाली. फोन लागला तेव्हा गुरुप्रसाद तिला एवढंच म्हणाले, "आईनं तुझ्यासाठी बोलून ठेवलंन् आहे. तू ये. मी उघडून देतो."

तेराव्यानंतर दुसऱ्याच सकाळी गुरुप्रसाद चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसले होते. कप हातातून निसटला. त्यांनी उजव्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ते खुर्चीतून खाली घसरले. तेराव्यासाठी आलेला सर्वेश अजून घरातच होता. तोच धावला.

अर्धांगवायूचा झटका होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. सगळं समजायचं. डोळे पहिल्यासारखेच जागे होते. पण तोंडातून एकच शब्द यायचा. "तेच." भूक लागली तरी "तेच", दुखलं तरी "तेच", आणि वेदिका रत्नागिरीच्या हॉस्पिटलात त्यांच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली तेव्हाही त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरून तेच म्हटलं. "तेच… तेच."

सर्वेश मला हे सगळं ऐकू येईल असा बोलायचा, म्हणून मला ठाऊक. त्यानंच शेजाऱ्यांना सांगितलं, की वेदू एकदाही रडली नाही. स्मशान पाहिलं नाही, आईचं तोंड पाहिलं नाही. आल्या आल्या औषधांची वेळ विचारून घेतली तिनं.

फाल्गुनात त्यांना घरी आणलं. घरची घडी बसल्यावर एका सकाळी वेदिका माझ्यासमोर बसली. आज तिनं माझी धूळ पुसली नाही. सॉफ्टवेअर उघडलं, यादीतली नोंद निवडली. नाव मी स्वतःच भरलं. आणि मग मी मला शिकवल्याप्रमाणं विचारलं, पासवर्ड?

तिनं मागं वळून पाहिलं. "बाबा, पासवर्ड काय आहे?"

गुरुप्रसाद आरामखुर्चीत ताठ झाले. "तेच!"

"कुठलं तेच, बाबा? आईचं नाव? हेदवी? माझा वाढदिवस?"

"तेच… तेच… तेच…" त्यांचा चेहरा लाल झाला. शब्द तिथंच होता, ओठांच्या अलीकडं. डाव्या मुठीनं त्यांनी खुर्चीचा हात बडवला.

वेदिकानं जागा देणाऱ्या त्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबशीर होती. तिनं आधी दुसरीच गोष्ट सांगितली. "मॅडम, आमची ही सेवा एकतीस मार्चला बंद होतेय. त्यानंतर सगळा साठा पुसला जाईल. तुमच्या ईमेलवर तीन वेळा कळवलंय."

तो ईमेल कॉलेजातला होता. निवृत्तीबरोबर तो कधीच बंद झाला होता. त्या दिवशी बावीस मार्च होता.

"मग मला पासवर्ड बदलून द्या. माझे बाबा इथंच आहेत."

"खातं त्यांच्या नावावर आहे. त्यांना फक्त स्वतःचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगू द्या. लगेच करून देते."

वेदिकानं फोन बाबांच्या कानाला लावला. मी ते पाहिलं, मित्रांनो. साठ-बासष्ट वर्षं स्वतःचं नाव सांगत आलेला माणूस. त्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "तेच," ते म्हणाले.

"सर, पूर्ण नाव सांगा."

"तेच. तेच…" आणि मग फोनमध्ये नुसते हुंदके गेले. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मला फार वाईट वाटतंय. डॉक्टरांच्या दाखल्यासकट अर्ज पाठवा. पण निर्णयाला पंधरा दिवस लागतात."

"तुमच्याकडं नऊ आहेत."

"हो मॅडम."

अर्ज त्याच दिवशी गेला. त्याचं उत्तर वेळेत यायचं नव्हतंच. राहिले ते माझ्यासमोरचे प्रयत्न. पाच वेळा चूक झाली की पलीकडं त्या नावाला एक दिवसाचं कुलूप लागायचं. म्हणजे रोज पाच. सर्वेश शेजारी बसून होता. एकदा म्हणाला, "वेदू, माझ्यामुळं झालं हे. मी ते धडे पुसले नसते तर दादानं सेटिंग बदललंच नसतं." वेदिका म्हणाली, "काका, मी घरी असते तर तुम्ही ह्याला हात लावला नसतात. मग कुणाकुणाला धरायचं?"

तिसऱ्या दिवशी तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आरामखुर्ची उचलून माझ्यासमोर आणली. "बाबा, सांगू नका. नुसतं टाइप करा." तिनं त्यांचे दोन्ही हात माझ्या कळांवर ठेवले. उजवा हात पडून राहिला. पण डावा हात, मित्रांनो, डावा हात चालला! करंगळीनं एक कळ दाबली, मधल्या बोटानं दुसरी. मग तो थांबला. शेजारच्या हातानं आपलं काम करावं म्हणून वाट बघत राहिला. उजवा हात हलला नाही. मग डाव्यानं आणखी दोन कळा दाबल्या आणि परत थांबला.

वेदिका पुढं वाकली. "परत, बाबा." परत तसंच. चार अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा, एक मध्ये आणि एक शेवटी. अर्धा शब्द डाव्या हाताला पाठ होता. उरलेला अर्धा उजव्या हातात होता आणि तो हात आता कुणालाच काही सांगत नव्हता.

एकेक अक्षर दाखवून विचारलं तर त्यांची मान त्याच अक्षराला कधी हो म्हणायची, कधी नाही; आजारानं अक्षरंच विस्कटली होती. मोकळ्या जागी किती अक्षरं होती? एक, दोन, की तीन? वेदिकानं वही घेतली. गावांची नावं, देवांची नावं, झाडांची, आईच्या शाळेची, जहाजांची. त्यात ती चार अक्षरं बसतात का ते ती बघायची आणि पाच निवडायची. मी पाचही घेऊन जायचो. पाचही वेळा परत यायचो. गुरुप्रसाद पडद्याकडं टक लावून बसायचे आणि मी 'प्रवेश नाकारला' असं लिहिलं की तोंड फिरवायचे. मला ते लिहायचं नव्हतं हो. पण पलीकडून जे येतं ते मला दाखवावंच लागतं.

सहाव्या दिवशी चिमा आली. आता ती साखरप्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. गोदाबाई गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं. दारातच काठी टेकवून म्हणाली, "बाई शनिवारी फोन उचलेनात, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." वेदिकानं तिला आत आणलं, पाणी दिलं आणि न सांगायचं ठरवूनही सगळं सांगितलं.

चिमा ऐकत होती. मग म्हणाली, "पण ताई, आम्ही तर कधीच पासवर्ड टाकला नाही. अनामिक म्हणून जायचो. बाईंचे सगळे धडे तिथं आहेत. तुम्ही उतरवून घेतलेत ना?"

वेदिकाला धडे ठाऊक होते, पण ते मुलांच्या संस्थेत कुठंतरी जपलेले असतील असं ती धरून चालली होती. तिनं माझी तऱ्हा बदलली, अनामिक केली. मी गेलो. ह्या वेळी कुणी अडवलं नाही. ओटी उघडी होती आणि त्यावर तीनशे बारा धडे ओळीनं मांडलेले होते. त्यांच्या खाली, त्याच यादीत, 'घर' हे फोल्डरही दिसत होतं. वेदिकानं त्यावर बोट ठेवलं. परवानगी नाही.

त्याच संध्याकाळी सर्वेश नवीन डिस्क घेऊन आला. मी दोन दिवस न थांबता धडे उतरवत होतो. पंखा तापला, घरघर वाढली. तीनशे बाराच्या तीनशे बारा आणले. आयुष्यात एवढं काम मी कधी केलं नव्हतं आणि एवढं अपुरं कामही कधी केलं नव्हतं.

एकतीस तारखेला दुपारी वेदिकानं शेवटचे पाच शब्द टाकले. प्रत्येकाच्या आधी ती बाबांना विचारायची, "हा?" ते मान हलवायचे. नाही. पाचव्याला त्यांनी मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. डाव्या हातानं त्यांनी तिचा हात माझ्यावरून उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पुरे, असं त्यांना म्हणायचं होतं. तरी तिनं तो पाचवा शब्द पाठवला. मी परत आलो ते रिकामाच.

दुसऱ्या दिवशी पलीकडं दारच नव्हतं.

मग आठ-दहा दिवस कुणी माझ्याजवळ फिरकलं नाही. जहाजाच्या कंपनीचं बोलावणं आलं. सर्वेशनं मुंबईची नोकरी सोडून दादापाशी राहायचं ठरवलं. तेव्हा वेदिका म्हणाली, "बाबांना धडे ऐकता येतील असं करून ठेवते." तिनं सहज एक फाइल लावली. सातवीचा भूगोल. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते.

खोलीत गोदाबाईंचा आवाज आला. आजाराआधीचा, पडवीपासून गडग्यापर्यंत जाणारा. गुरुप्रसादांनी मान वर केली. "पृथ्वीवर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषांना अक्षवृत्ते म्हणतात," गोदाबाई वाचत होत्या.

वेदिका तोंडातल्या तोंडात म्हणाली, "चुकलीस, आई. उलट आहे." रोज त्याच रेषांवर जहाज चालवणारी मुलगी ती.

धडा थांबला. कागदाची सळसळ झाली. आणि मग माझ्यातून, म्हणजे त्या फाइलीतून, आवाज आला, "अगो बाई, उलट वाचलं मी! अहो, एवढं कापा हं. वेदूनं ऐकलंन् तर हसत सुटेल मला."

गुरुप्रसादांनी ते कापलं नव्हतं. विसरले होते की मुद्दाम ठेवलं होतं, ते आता कोण सांगणार? वेदिका खरंच हसली. एकदाच, मोठ्यानं. आणि त्या हसण्यातूनच तिचं रडू फुटलं. जहाजावर, हॉस्पिटलात, ह्या खुर्चीत, इतके महिने दाबलेलं. ती बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी आईला हाका मारत होती. धडा पुढं चालूच होता. गोदाबाई आता बरोबर वाचत होत्या. पृथ्वीवर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वर्तुळांना अक्षवृत्ते म्हणतात.

निघायच्या दिवशी वेदिकानं धड्यांसाठी नवीन जागा घेतली. मुलांसाठी अनामिक दार ठेवलं. घरच्यासाठी नाव आणि पासवर्ड ठेवला, तो सर्वेशला पाठ करायला लावला, चिमाला फोनवर सांगितला आणि कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवला. मग जुन्या नोंदीवर येऊन थांबली. मी नियमाप्रमाणं विचारलं, ही नोंद काढून टाकायची का? तिनं पडद्यावरची धूळ बोटानं पुसली. मग तिनं 'नाही' दाबलं.

आता सर्वेश रोज दुपारी गुरुप्रसादांना माझ्यासमोर बसवतो. तीनशे बारा धडे आहेत. नागरिकशास्त्र, विज्ञान, मराठीच्या कविता. सगळ्यांत गोदाबाईंचा आवाज आहे, आणि एकाच ठिकाणी त्या आपल्या मुलीचं नाव घेतात. तो धडा आला की गुरुप्रसाद डाव्या हातानं मला थांबवतात आणि तेवढाच भाग परत लावतात.

मित्रांनो, कुलपं लावू नका असं मी म्हणणार नाही. उघड्या दारानं अकरा धडे गेलेले मी पाहिलेत. पण कुलूप लावताना एवढं बघा, की ज्याच्यासाठी आत काही ठेवलंय त्याच्या हातात किल्ली आहे का. नसेल तर आजच द्या. तुम्ही धडधाकट आहात, बोलताय, तोवरच द्या. माझ्यावर विसंबू नका. मी जे ठेव म्हणाल ते ठेवतो आणि विसर म्हणाल ते विसरतो. माया कुठली आणि माहिती कुठली, ते मला कळत नाही. आणि आपल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर आधी त्यालाच सांगा. समोर बसून सांगा, नाहीतर फोन लावून, समुद्रावर असला तरी सांगा. मग हवं तर माझ्याकडं या.